स्पेंट ग्रेन : भुसा, पेंड की चोथा?

अनुवादिका : बीअर करताना मोड आणून वाळवलेला सातू भरडून गरम पाण्यात भिजवतात. गोड पाणी गाळून घेतल्यावर जे धान्य उरतं, त्यापासून लॅक्टिक आम्ल बनवण्यावरचा लेख मराठीत आणतेय. या 'स्पेंट ग्रेन'ला काय म्हणू? 'निःसत्त्व धान्य' लिहिलं आणि खोडलं, कारण पुढच्याच ओळीत कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्के प्रथिनं निघाली! आणि फर्मेंटेशनला किण्वन की आंबवणं?

गोठेवाला : भुसा लिहा. गाईंना घालतो आम्ही, आवडीनं खातात.

जुनी पोथी : भुसा कोरडा असतो हो, वाऱ्यावर उडतो. यात ७५ ते ८० टक्के पाणी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वास मारायला लागतो. १०० लिटर बीअरमागे असा साधारण २० किलो ओला माल निघतो. 'पेंड' अर्थानं जवळची, तेल गेलं तरी प्रथिनं राहतात, पण ती दाबून सुकी झालेली. मी 'चोथा' म्हणेन. चहाचा, नारळाचा, तसा सातूचा. सत्त्व काढून घेतलंय, तरी ओला आहे आणि टाकवत नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं.

अनुवादिका : चोथा पक्का. पण पिष्ट तर गेलंय, मग लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू खातात काय?

भट्टीवाला : टरफलाच्या पेशीभित्तिकांतली साखर. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजमध्ये ती साखळीनं अडकलेली असते. आधी आम्ल किंवा उष्णता, मग विकरं (एन्झाइम) वापरून ती सुटी करावी लागते. त्या पायरीला 'शर्कराकरण' म्हणा, किण्वन नंतरचं. दोन्हीला एकच शब्द लावलात तर वाचक फसेल.

जुनी पोथी : आंबणं आपोआप होतं, आंबवणं कुणीतरी मुद्दाम करतं, हा प्रयोजक फरक 'किण्वन'मध्ये दिसत नाही. म्हणून माझं मत आंबवण्याला. पण 'आंबवणं' या शब्दाच्या मुळात 'आम्ल' आहे, हेही खरं. लॅक्टिक आम्लाला फिट्ट बसतं. त्याच चोथ्यातल्या झायलोज या साखरेपासून काही यीस्ट झायलिटॉल करतात, ते चक्क गोड. त्याला आंबवलं म्हणायचं?

भट्टीवाला : मोहाची फुलं आंबवतात, त्यातून दारू निघते. तिथं कोण आंबटपणा शोधतं? बाकी 'किण्व', म्हणजे दारूचं विरजण, हा शब्द परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात तो आहे, उडीद आणि तांदळापासून करायच्या कृतीसकट.

अनुवादिका : मग शीर्षकात किण्वन, मजकुरात आंबवणं. लॅक्टिक आम्लाला 'दुग्धाम्ल' करू का?

जुनी पोथी : नको. शेले या रसायनशास्त्रज्ञाला १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधात सापडलं म्हणून ते नाव. तुमच्या लेखात दुधाचा थेंब नाही.

गोठेवाला : चोथा गाईला घाला, मग दूधही येईल.