परमिशनला परवानगी म्हणायचं का?

राजमहालरोडकर
मंडळी, आमच्या वाचनालयात एका जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स टाकून कोहा बसवलंय, पुस्तकांच्या देवघेवीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, आणि पुढे जो कोणी हे सांभाळेल त्याच्यासाठी मराठीत टिपण लिहितोय. गाडी अडलीय यूजर आणि परमिशनपाशी, म्हणजे कुठली फाईल कोणाला वाचता, लिहिता, चालवता येईल तिथे. कोहा-क्रिएटला "लायब्ररी" नाव दिलं की ती कमांड लिनक्सवर लायब्ररी-कोहा नावाचा यूजर आपोआप करते. मी लिहिलं "लायब्ररी-कोहा हा वापरकर्ता तयार होतो", तर काउंटरवरच्या मावशी म्हणतात, हा कोण, वर्गणी भरलीय का याने? तसं त्यांचं बरोबरच आहे, कोहात स्टाफलासुद्धा आधी सभासद म्हणूनच नोंदवतात आणि मग अधिकार देतात. काय लिहू?

मांडवीवाला
खातं लिहा. वापरकर्ता म्हटलं की माणूस डोळ्यासमोर येतो, आणि इथे माणूस नाहीच, त्या खात्याने पासवर्ड टाकून लॉगिनही होत नाही. ते एवढ्यासाठीच असतं की कोहाचे प्रोग्राम रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून न चालता त्या नावाने चालावेत, म्हणजे उद्या कोहात काही भोक सापडलं तरी आत शिरणाऱ्याला कोहापुरतंच हात घालता येईल, अख्खं मशीन हाती लागणार नाही. "सर्व्हिसचं खातं" म्हणा, मावशींनाही कळेल.

शब्दकीडा
खातं छान. पण परवानगीला माझा विरोध आहे. परवानगी कोणीतरी मागतं, कोणीतरी देतं, बहुधा त्या वेळेपुरती. फाईलवरचे परमिशनचे आकडे तसे नाहीत, ते कायमचे लिहून ठेवलेले असतात आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर वेळी तेच बघतो. मुभा म्हणा. इथे बडोद्यात आपण सर्रास "छूट आहे" म्हणतो पण ते गुजरातीतून आलंय, पुण्याचा माणूस वाचेल तर त्याला दिवाळीचा सेल वाटेल.

मांडवीवाला
मुभा म्हणजे कोणीतरी मेहरबानी केल्यासारखं वाटतं हो. आणि फोनमध्ये मराठी केलं की परवानगीच दिसतं, लोकांना सवय झालीय.

ग्रंथसखी
दादा, नामाच्या मागे लागूच नका, क्रियापद वापरा. कोहा-कॉन्फ डॉट एक्सएमएल ही फाईल घ्या, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. मालक रूट, गट लायब्ररी-कोहा, आकडा 640. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकीच्यांचा; वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1, बेरीज करायची. म्हणून टिपणात सरळ लिहा: "रूटला वाचता-लिहिता येतं, गटाला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही." परवानगी की मुभा हा वादच उरत नाही. आमच्याकडे एका सर्व्हिसवाल्याने काहीतरी चालेना म्हणून सरसकट 777 करून ठेवलं होतं, म्हणजे तो पासवर्ड मशीनवरच्या कुठल्याही खात्याला वाचताच काय, बदलताही आला असता. ते वाक्यात लिहून दाखवलं तेव्हा त्याला पटलं, नुसत्या आकड्याने पटत नव्हतं.

शब्दकीडा
ताई, हे पटलं. याच बडोद्याने 1931 मध्ये कारभाराच्या शब्दांसाठी सयाजीशासनशब्दकल्पतरू हा अख्खा कोश काढला, म्हणून मला शब्दच शोधायची खोड. पण मग फोल्डरचं काय करणार? फाईलला एक्स म्हणजे चालवणं, ठीक, फोल्डर कोण चालवतो?

ग्रंथसखी
तिथे क्रियापद बदलायचंच. फोल्डरला एक्स म्हणजे "आत शिरता येतं". नुसता आर, म्हणजे वाचणं, असेल तर आतल्या फाईलींची नावं दिसतात पण एकही उघडत नाही, आणि नुसता एक्स असेल तर यादी दिसत नाही पण नाव माहीत असेल आणि त्या फाईलवर आर असेल तर ती उघडते. यावरूनच निम्मे लोक गोंधळतात, फाईल 644 आहे, सगळ्यांना वाचता यायला हवी, तरी परमिशन डिनाइड का म्हणून डोकं धरून बसतात आणि वरच्या एखाद्या फोल्डरला एक्सच नसतो.

राजमहालरोडकर
वा, हे तर टिपणात चौकट करून टाकतो. म्हणजे खातं, मालक, गट, बाकीचे, आणि पुढे क्रियापदं. रूटला काय? एकाने "महाप्रशासक" सुचवलंय.

मांडवीवाला
रूटच राहू द्या. फाईलचा मालक बदलायच्या चाऊन कमांडमध्ये मालक म्हणून तेच टाइप करायचंय, तिथे महाप्रशासक लिहून कोण बसणार. लायब्ररी-कोहाचंही तसंच, नावाला हात लावू नका.