विजेने भाजलेला पाय: टीम हवी, की निर्णय घेणारा एक?

वॉर्डवाली: आठ वर्षं बर्न्स वॉर्डात ड्युटी केली, म्हणून लिहितेय. १००० व्होल्टच्या वरचा शॉक बसलेला पेशंट येतो तेव्हा तळव्याला नाण्याएवढा काळा डाग दिसतो, बाकी कातडी बरी असते. नातेवाईक म्हणतात, एवढंसंच तर भाजलंय! पण विजेला सर्वांत जास्त रोध हाडाचा. ते तापतं आणि त्याला लागून असलेला स्नायू आतल्या आत शिजतो. पोटरी लाकडासारखी टणक, बोट हलवलं की किंकाळी, लघवी काळ्या चहासारखी. स्नायूतलं रंगद्रव्य किडनीत अडकू नये म्हणून तासाला ७५ ते १०० मिली लघवी होईल एवढं सलाइन द्यावं लागतं. भाजलेल्या कातडीच्या टक्केवारीवर हा हिशोब बसत नाही. प्लास्टिक सर्जन, ऑर्थो (हाडांचे डॉक्टर), रक्तवाहिन्यांचा सर्जन, किडनीवाले पहिल्याच दिवशी एका खाटेभोवती हवेत. 'आधी ऑर्थो बघू दे, मग रेफर करू' हे बंद करा.

तिरकस: असहमत. पोटरीतले स्नायू सुजून आत दाब वाढतो; स्नायूंचे चारही कप्पे चिरून तो सोडवायला मीटिंग कशाला? काही तास गेले की स्नायू मेलाच. खाटेभोवती चौघं उभे आणि सही कोणाची, यावर खल. मी पाहिलंय.

वॉर्डवाली: पहिली चीर कोणीही द्या हो, फक्त वेळेत द्या. खरी कसोटी पुढे असते. मेलेल्या स्नायूची हद्द पहिल्या दिवशी कळत नाही, २४ ते ४८ तासांनी परत उघडून बघावं लागतं. एकट्या ऑर्थोला गुडघ्याच्या वरून कापणं सोपं वाटतं. प्लास्टिकवाला शेजारी असेल तर फ्लॅपने, म्हणजे रक्तपुरवठा असलेला कातडी-मांसाचा तुकडा फिरवून, जखम झाकून गुडघा वाचू शकतो. कृत्रिम पायावर चालताना गुडघा असण्या-नसण्याने किती फरक पडतो, ते चालणाऱ्याला विचारा.

सावली: माझ्या दिराचा पाय 'वाचवला'. सात ऑपरेशनं. तळव्याला आजही स्पर्श कळत नाही, जखम परत परत उघडते. तुमच्या यादीत कृत्रिम पाय बसवणारा कुठेच नाही, ताई. तो आधी भेटला असता तर आम्ही दुसऱ्याच आठवड्यात पाय कापायला होकार दिला असता.

वॉर्डवाली: खरंय. माझ्याकडून राहिलं.

तिरकस: म्हणजे तुम्हालाही 'काढून टाका' असं ठामपणे सांगणारा एकच माणूस हवा होता ना?

सावली: एकच होता. तोच दर वेळी म्हणायचा, अजून एक करून बघू.