रेशनचा फोर्टिफाइड तांदूळ गरोदर बाईच्या पोटात जातो तरी किती?

माणदेशी
भाचीला सातवा महिना. हिमोग्लोबिन ९.२, आणि गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच. रेशन दुकानदार म्हणाला, "आता हाच तांदूळ खाऊ घाला, रक्त वाढतंय." घरी येऊन हिशेब मांडला. फोर्टिफाइड म्हणजे वरून लोह नि जीवनसत्त्वं मिसळलेला तांदूळ. नियमानं त्यात किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. आमच्या माण-खटावात जेवण म्हणजे भाकरी. भात रात्री मूठभर. ५० ग्रॅम तांदूळ धरला तर दीड-दोन मिलिग्रॅम लोह. तिला रोज लागतं २७. सरकारी लोहाच्या गोळीत असतं ६०.

बरं, साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-जावळीत, भात पोटभर खातात. पण तो घरच्या शेतातला, गावच्या गिरणीवर भरडलेला. त्यात कोण काय मिसळणार? म्हणजे पूर्वेला भाकरी, पश्चिमेला घरचा भात. डिसेंबर २०२८ पर्यंत या तांदळावर खर्चायला सरकारनं २०२४ मध्ये १७,०८२ कोटी मंजूर केले. त्यापेक्षा गोळी बाईच्या पोटात जाते का, हे बघायला माणसं नेमा.

कृष्णाकाठ_सांगली
तुमचा हिशेब बरोबर, पण लावलाय चुकीच्या जागी. ९.२ वाल्या बाईला भात खाऊन बरं व्हा असं कुठलाच डॉक्टर सांगणार नाही, आणि दुकानदार काय डॉक्टर नव्हे. हा तांदूळ आहे ती गरोदर राहण्याआधीच्या दहा वर्षांसाठी. मिठातलं आयोडीन तरी कुठं चमच्यानं खातो आपण?

गोळ्यांचं म्हणाल तर १८० दिवस रोज एक, कागदावर. मळमळतं, शौचाला काळं नि घट्ट होतं, की पाकीट जातं फडताळात. शिवाय या तांदळात फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्वही असतं. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचंही नीट ध्यानात आलेलं नसतं. तुमची गोळी पोचणार कधी? तिथं रोजच्या ताटातलंच कामाला येतं.

माणदेशी
फॉलिकचा मुद्दा तुमच्याच अंगाशी येतोय. अमेरिकेत १९९८ पासून १०० ग्रॅम 'एनरिच्ड' (पोषक घटक घातलेल्या) धान्यपिठात १४० मायक्रोग्रॅम घालणं सक्तीचं आहे. आपल्या तांदळात किलोला ७५ ते १२५, म्हणजे १०० ग्रॅमला जेमतेम १०! घालायचंच तर भरपूर घाला, आणि आम्ही खातो त्यात घाला.

कृष्णाकाठ_सांगली
ज्वारी दळतो आपण कोपऱ्यावरच्या चक्कीत, पाच-पाच किलो. तिथं कोण मोजून घालणार?

अंगणवाडीताई
तुम्ही दोघं मिलिग्रॅममध्येच भांडा. इकडं बायका तो दाणाच वेचून टाकतात. शंभर दाण्यांत एक असतो, तांदळाच्याच पिठात लोह-जीवनसत्त्वं मिसळून यंत्रातून काढलेला. रंग जरा वेगळा, धुताना काही दाणे वर तरंगतात. झालं, "प्लास्टिकचा तांदूळ आलाय" म्हणून गावभर. एका सासूबाईंनी सूप घेऊन माझ्यासमोर पाखडला. शेवटी तोच भात शिजवून मी त्यांच्यापुढं खाल्ला, तेव्हा कुठं एक घास घेतला. तांदूळ दुकानात पोचला म्हणजे पोटात गेला असं नसतंय.

आणि माणदेशीदादा, गोळी कशाबरोबर घेते ते विचारा. आमच्याकडं निम्म्याजणी चहाबरोबर घेतात. चहानं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगा, चहा तासा-दोन तासांनी.

फडावरचा
बीडहून दरसाल सांगलीच्या साखर कारखान्याला ऊसतोडीला येतो. आमच्या कोपीत, म्हंजी फडाजवळच्या झोपडीत, बाजरीचं पीठ गावाकडनं आणलेलं असतंय. सहा महिन्यांची पोटुशी बाई पहाटं चहा-भाकरी खाऊन मोळ्या वाहती. रेशन कुठल्याबी दुकानात मिळतंय म्हणत्यात, पण दुकान उघडतंय तवा आम्ही उसात.

कृष्णाकाठ_सांगली
याला माझ्याकडं उत्तर नाही. कोपीपर्यंत ताईच जायला पाहिजे, तांदूळ जाणार नाही. एवढं माणदेशींचं मान्य.

माणदेशी
आत्ता भाचीला फोन केला. गोळी चुकवत नाही म्हणाली, रोज सकाळी घेते. कशाबरोबर विचारलं. चहाबरोबर. तीन महिने झाले.
तांदळाचा हिशेब मात्र मी मागं घेत नाही.