फायनल फँटसी ६ : दोन पॅच एकत्र बसवण्यासाठी मदत हवी आहे

स्क्वेअर कंपनीचा हा गेम १९९४ साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या गेम खेळण्याच्या यंत्रावर आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत ‘फायनल फँटसी ३’ या नावाने विकला गेला, कारण मधले तीन भाग तिथे पोहोचलेच नव्हते. माझ्याकडे या अमेरिकी आवृत्तीची कार्ट्रिज असून तिच्यावरून मी स्वतःच रॉम फाइल (म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमची संगणकावरची प्रत) काढली आहे.

मूळ गेममध्ये शारीरिक हल्ला चुकवण्याचा आकडा विचारातच घेतला जात नाही, त्याऐवजी जादू चुकवण्याचा आकडा वापरला जातो. ही चूक सुधारणारा चाहत्यांनी केलेला पॅच (रॉम फाइलमध्ये ठरावीक बदल करणारी छोटी फाइल) मी बसवला आणि तो नीट चालला. त्यानंतर संवाद बदलणारा दुसरा पॅच बसवताच शीर्षकानंतर पडदा काळा होऊन गेम थांबतो. दोन्ही पॅच आयपीएस स्वरूपाचे आहेत, म्हणजे मूळ फाइल योग्य आहे की नाही हे ते तपासतच नाहीत. (बीपीएस या दुसऱ्या, फाइल तपासणाऱ्या स्वरूपाचे असते तर निदान बसवतानाच चूक कळली असती.)

माझी फाइल ३१,४६,२४० बाइटची आहे, म्हणजे ३१,४५,७२८ बाइटच्या रॉमपुढे ५१२ बाइटचा हेडर (फाइलच्या सुरुवातीला जोडलेला जादा भाग) दिसतो. दुसरा पॅच हेडर नसलेल्या फाइलसाठी बनवलेला असेल, की दोन्ही पॅच रॉममधील एकाच जागेवर लिहीत असतील, हे कसे ओळखावे? शिवाय रॉमची आवृत्ती १.० आहे की १.१, याने फरक पडतो का? ज्यांनी असे पॅच एकत्र वापरले आहेत, त्यांनी कृपया बसवण्याचा क्रम सांगावा.