ऑपरेशनच्या आधी कृत्रिम नखं, नेलपॉलिश काढायला लावलं का? तुमचे अनुभव सांगा

सोनचाफा:
गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचं सिझेरियन अचानक ठरलं. डोहाळजेवणाच्या हौसेपायी तिने दहाही बोटांना ॲक्रिलिकची लांब नखं लावून घेतली होती. सिस्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडाच येईना. दुसरं बोट, तिसरं बोट, तेच. शेवटी कानाच्या पाळीला लावल्यावर ९८ दिसला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. ॲडमिट करताना काय खाल्लं, कसली ॲलर्जी, सगळं विचारलं होतं. नखांचं कुणीच नाही. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रानजाई:
मी भूलतज्ज्ञ आहे. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर तोच हा चिमटा. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार जातो, किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन कळतो. निळं, काळं किंवा हिरवं नेलपॉलिश असेल तर आकडा एक-दोन टक्के कमी दिसू शकतो. लांब नखांमुळे चिमटा नीट बसतच नाही. बोटाच्या दोन्ही बाजूंनी आडवा लावून वेळ निभावते, हे खरं. तरी आम्ही नखं काढा म्हणतो, कारण आम्हाला खालचं नख बघायचं असतं. निळसर पडलंय का? दाबून सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी होतंय का? भुलेत पेशंट काही सांगू शकत नाही हो.

ओवी_नाशिक:
माझं पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी सातला, आणि नखांवरचं जेल नेलपॉलिश काढा हे सांगितलं रात्री साडेदहाला! साध्या रिमूव्हरने जेल निघत नाही. नवऱ्याने धावपळ करून ॲसिटोन आणलं. कापसाचा बोळा, वरून फॉइल, पंधरा मिनिटं थांबायचं. वासाने शेजारच्या कॉटवरच्या आजींना मळमळायला लागलं. घाईत एका नखावरचं जेल ओढून काढलं, त्याबरोबर नखाचा पापुद्राही निघाला. ते भरून यायला सहा महिने लागले. दोन दिवस आधी पार्लरमध्येच काढून घ्या.

तगर:
लग्नानंतर चौथ्या दिवशी अपेंडिक्स. मेंदी कशी काढणार? बोटांची टोकं पार काळी. कानाच्या पाळीवर काम भागलं.

दवबिंदू:
मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. पेशंटला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावायची नाहीत, स्वतःचं नख अर्धा सेंटिमीटरच्या आत ठेवायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात धुण्याच्या सूचनांतच आहे. हात कितीही धुवा, त्या नखांखाली जंतू राहतात. साखरपुड्याला लावलेली नखं मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीआधी काढली. हजार ग्रॅमचं बाळ हातात घ्यायचं असतं.

सोनचाफा:
रानजाई, एकच बोट मोकळं ठेवलं तर चालेल?

रानजाई:
दोन्ही हातांचं एकेक तरी ठेवा. एका दंडाला बीपीचा पट्टा असतो, तो फुगला की त्या हाताचं रीडिंग जातं. आणि कुठल्या हाताला सलाईन लागेल ते शीर सापडेपर्यंत आम्हालाही माहीत नसतं.