रोज फुल बॅकअप, तरी लॉग फाइल फुगतेय

प्रश्न (जळगाव): केळीच्या आडतीचं बिलिंग एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर, रिकव्हरी मॉडेल फुल (प्रत्येक बदलाची नोंद लॉग फाइलमध्ये साठते). रोज रात्री फुल बॅकअप होतो, तरी लॉग वाढतोच. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलो तर त्रास सुटेल?

धुळे: भाऊ, फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही, लॉग बॅकअपच (फक्त लॉगचा वेगळा बॅकअप) लागतो. दर १५ मिनिटांनी लावा. आतली जागा पुन्हा वापरात येईल. फाइलचा आकार मात्र तेवढाच राहील. श्रिंक (फाइल आकसवणं) एकदाच करा, रोज अजिबात नको.

भुसावळ: पोस्टग्रेसमध्येही सुटका नाही, तिथे १६ एमबीचे वॉल सेगमेंट (बदलांच्या नोंदींच्या फाइली) असतात. आर्काइव्ह कमांड (त्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी) फेल होत राहिली की ते साठतात, डिस्क भरून सर्व्हर बंद पडतो. हाताने पुसू नका! आणि डंपवर (डेटा बाहेर काढून घेतलेली प्रत) वॉल चढत नाही, बेस बॅकअपच (डेटाबेसच्या मूळ फाइलींची प्रत) हवा.

नंदुरबार: मायएसक्यूएल ८ या आणखी एका डेटाबेसमध्ये बिनलॉग (तिथल्या बदलांच्या नोंदींच्या फाइली) डिफॉल्टने ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. बॅकअप त्याहून जुना असेल तर बॅकअपनंतरच्या नोंदींची साखळी तुटलीच.