ब्राइस यंग की सी. जे. स्ट्राउड: खरी प्रगती कोणाची?

शार्लटकर:
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या २०२३च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) कॅरोलिना पँथर्सने पहिल्या नंबरवर ब्राइस यंगला घेतलं, आणि लगेच दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टन टेक्सन्सने सी. जे. स्ट्राउडला. वर्षभरात सगळ्यांनी निकाल लावून टाकला: स्ट्राउड अस्सल, यंग फसला. तीन मोसम पाहून माझं मत ठाम झालंय की क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) म्हणून यंग जितका शिकला, तितका स्ट्राउड शिकलेला नाही.

यंगला काय मिळालं ते आठवा. त्याला घ्यायला लागणारा पहिला नंबर मिळवण्यासाठी संघाने शिकागोला डी. जे. मूरसारखा रिसीव्हर देऊन टाकला, वर ड्राफ्टमधल्या पुढच्या निवडींचे हक्क. म्हणजे पास झेलणारा माणूस आधीच गेलेला. पहिल्या मोसमात ६२ सॅक (पास फेकण्याआधीच पाडलं जाणं), संघ २-१५ (२ विजय, १५ पराभव), आणि कोच फ्रँक राइक यांना ११ सामन्यांनंतर नारळ. २०२४मध्ये दोनच सामन्यांनंतर यंगला बाकावर बसवलं. त्याच्या जागी आलेल्या अँडी डाल्टनला दुखापत झाली म्हणून ऑक्टोबरअखेर तो परत आला. तोवर पहिला रिसीव्हर मोकळा दिसला नाही की त्याचे पाय पळायला लागायचे. परत आल्यावर मात्र तो पॉकेटमध्ये (आपल्या लाइनच्या खेळाडूंनी राखलेल्या जागेत) टिकून दुसरा-तिसरा पर्याय बघू लागला. २०२५मध्ये अटलांटाविरुद्ध ४४८ यार्ड फेकून त्याने एका सामन्यातल्या पासच्या यार्डांचा कॅम न्यूटनचा संघविक्रम मोडला.

सई (केटी, टेक्सास):
शार्लटकर, तळातून वर आलेला तेवढा शिकला आणि पहिल्या दिवसापासून वर असलेला शिकलाच नाही, हे मला पटत नाही. स्ट्राउडने पहिल्या मोसमात ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) अशी कामगिरी केली. टॅम्पाविरुद्ध ४७० यार्ड आणि ५ टचडाउन, शेवटचा तर ४६ सेकंद उरलेले असताना मैदान पार करून. तिन्ही वर्षं प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी), आणि प्रत्येक वर्षी तिथे एक विजय. यंगचा प्लेऑफमधला विजय दाखवा.

२०२४मध्ये स्ट्राउडचे इंटरसेप्शन १२ झाले, मान्य. पण त्या मोसमात त्याला ५२ वेळा सॅक केलं. त्याच्या रिसीव्हरपैकी डिग्जचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला, डेलचा डिसेंबरमध्ये. यंगला जी सवलत देता ती यालाही द्या.

तिसरं_डाउन:
सवलत दोघांनाही देऊ, तरी कोण सुधारतोय ही दिशा उरतेच. २०२५च्या १२-५ मध्ये सिंहाचा वाटा ह्यूस्टनच्या डिफेन्सचा होता. पिट्सबर्गला ३०-६ हरवलं त्या सामन्यातही स्ट्राउडच्या हातून चेंडू पुन्हा पुन्हा सुटत होता. पुढे न्यू इंग्लंडविरुद्ध पहिल्या हाफमध्येच चार इंटरसेप्शन, त्यातला एक थेट टचडाउनसाठी परत नेला. दडपण आलं की मागच्या पायावर रेलून उंच फेकायचं, ही सवय २०२४मध्ये लागली. आक्रमणाची आखणी करणारे कोऑर्डिनेटर बॉबी स्लोविक यांना काढलं, निक केली आले, पण ती सवय तशीच आहे.

सई (केटी, टेक्सास):
न्यू इंग्लंडच्या सामन्याचं समर्थन मी करणार नाही. बघताना त्रास झाला. पण त्याचा मुख्य रिसीव्हर निको कॉलिन्स त्या दिवशी खेळलाच नव्हता, आणि त्याच मोसमात मेंदूला धक्का बसून स्ट्राउड तीन सामने बाहेर होता. एका वाईट संध्याकाळीवरून तीन वर्षांचं मोजमाप करायचं का? पँथर्सने २०२५मध्ये ८-९ वर डिव्हिजन (चार संघांचा गट) जिंकली, हेही सांगा.

शार्लटकर:
सांगतो ना. ८-९ हा आकडा मिरवण्यासारखा नाही. पण सईताई, प्लेऑफमध्ये रॅम्सविरुद्धचा सामना पाहिलात ना? शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा पँथर्स ३१-२७ पुढे होते, आणि ती आघाडी यंगच्या पासने मिळालेली. मग रॅम्सचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड याने सामना फिरवला, ३४-३१. तेव्हा यंग मैदानावर नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याला तशा क्षणी चेंडू दिला असता तर आम्ही डोळे मिटून घेतले असते.

स्ट्राउडच्या हातात ताकद आहे, खोल (लांबवरच्या) पासची त्याची नजर यंगकडे कधी येईल असं वाटत नाही. त्यावर वाद नाहीच. माझा प्रश्न पायांचा आहे. पाच फूट दहा इंचांच्या यंगला लाइनच्या डोक्यावरून दिसत नाही, म्हणून त्याने फट शोधत पॉकेटमध्ये सरकायला शिकून घेतलं. सहा फूट तीन इंचांच्या स्ट्राउडला ती गरज २०२३मध्ये पडली नाही.

सई (केटी, टेक्सास):
पायांबद्दल बोलायचं तर तुमच्या बाजूने एवढं मान्य. पण आज दोघांपैकी एकाला घ्यायचं झालं, तर मी स्ट्राउडलाच घेईन. पायांची सवय सुधारता येते, खोल पासची नजर शिकवून येत नाही.